वीस युनिटांच्या घराचे वीजबिल कसे वाचावे आणि कुठे आवरावे

माझी आत्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात एकटी राहते. तिच्या घरात नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे, दुपारी चालणारा एक पंखा, संध्याकाळी तास-दीड तास लागणारा टीव्ही आणि मोबाइलचा चार्जर, एवढीच विजेची उपकरणे आहेत. मीटरवर महिन्याला जेमतेम वीस युनिट पडतात. मागच्या खेपेला मी गेलो, तेव्हा तिने देवघरातल्या डब्यातून घडी घातलेली बिले काढून माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "युनिटला पावणेपाच रुपये असे सगळे सांगतात. मग वीस युनिटांचे शंभराच्या आत व्हायला हवेत ना रे? हे पावणेतीनशे-तीनशे कशाचे?" प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर कोणी तिला नीट समजावून दिलेले नव्हते. तिच्यासाठी पडवीत बसून कागदावर जो हिशेब केला, तोच येथे सविस्तर मांडत आहे, कारण एकटे राहणारे निवृत्त लोक, गावचे बंद घर सांभाळणारे चाकरमानी, एका खोलीत संसार करणारी जोडपी आणि भाड्याच्या खोलीतले विद्यार्थी या सगळ्यांचे बिल त्याच पद्धतीने तयार होते.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. पुढचे सगळे आकडे महावितरणच्या २०२४-२५ या आर्थिक वर्षातल्या घरगुती, सिंगल फेज दरांचे आहेत. दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत राहतात. मुंबई शहर आणि उपनगरात बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे दरही वेगळे आहेत. त्यामुळे आपल्या ताज्या बिलाच्या मागे छापलेले दर घ्यावेत आणि याच रीतीने मांडावेत. आकडे बदलले तरी बिलाची घडण बदलत नाही.

हिशेबाला बसण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांची बिले जवळ घ्यावीत. कागदी बिले सापडत नसतील, तर ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर मागची बिले पाहता येतात. एकाच बिलावरून निष्कर्ष काढू नये, कारण एखाद्या महिन्यात रीडिंग घेतलेले नसते आणि एखाद्यात आधीची दुरुस्ती मिसळलेली असते.

कोणती रक्कम महिन्याची, कोणती युनिटाची

बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीपुढे एकच गोष्ट लिहावी: ही रक्कम महिन्याची आहे की युनिटाची? स्थिर आकार महिन्याचा असतो. मीटर एक युनिट फिरो अथवा शंभर, तो तितकाच राहतो. २०२४-२५ मध्ये तो सिंगल फेजला दरमहा १२८ रुपये होता. वीज आकार युनिटाचा असतो आणि टप्प्याटप्प्याने वाढतो: पहिल्या शंभर युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० युनिटांना १०.२९ रुपये आणि ३०१ ते ५०० युनिटांना १४.५५ रुपये. वहन आकार म्हणजे तारांमधून वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे. तोही युनिटाचाच असून त्या वर्षी सर्व टप्प्यांना सारखाच, म्हणजे १.१७ रुपये होता. इंधन समायोजन आकार, म्हणजे इंधनाच्या खर्चातल्या चढउताराचे पैसे, महिन्यागणिक बदलतो, म्हणून पुढच्या उदाहरणांत तो शून्य धरला आहे. आपल्या बिलात तो असेल, तर युनिटाच्या गटात मिळवावा.

राहिले वीज शुल्क. हा राज्य शासनाचा कर आहे आणि घरगुती ग्राहकांना तो १६ टक्के लागतो. येथे थोडे थांबावे, कारण ही टक्केवारी फक्त वापरलेल्या विजेवर लागत नाही. स्थिर आकार धरून होणाऱ्या बेरजेवर लागते. म्हणजे १२८ रुपयांचा स्थिर आकार ग्राहकाच्या खिशातून जाताना १४८ रुपये ४८ पैसे होऊन जातो. वर्षभर घराला कुलूप लावून ठेवले आणि एकही युनिट वापरले नाही, तरी बारा महिन्यांचे १,७८१ रुपये ७६ पैसे द्यावे लागतात.

आता आत्याचे बिल मांडू. स्थिर आकार १२८, वीस युनिटांचा वीज आकार ९४.२० आणि वहन आकार २३.४०, मिळून २४५.६०. त्यावर १६ टक्के शुल्क धरून २८४ रुपये ९० पैसे. छापील बिलात ही रक्कम दहाच्या पटीत पूर्णांक करतात आणि उरलेला फरक पुढे नेतात, म्हणून पाच-सात रुपयांचा फेर दिसला तर घाबरू नये.

युनिटामागे खरोखर किती पडते

बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून पाहिले की चित्र स्पष्ट होते. आत्याला एक युनिट १४ रुपये २४ पैशांना पडते. तिच्या शेजारच्या घरात महिन्याला पन्नास युनिट जळतात. तिथे बिल ४८९.५२ रुपये होते आणि युनिट ९.७९ रुपयांना पडते. शंभर युनिटांच्या घरात बिल ८३०.५६ रुपये आणि युनिट ८.३१ रुपयांना. शंभरच्या पुढे गेल्यावर दुसरा टप्पा लागतो आणि सरासरी पुन्हा चढू लागते: दीडशे युनिटांना ९.९७ रुपये, तीनशे युनिटांना ११.६३ रुपये. पाचशे युनिट वापरणाऱ्या घरात, म्हणजे जिथे वातानुकूलन यंत्र, गीझर, धुलाई यंत्र आणि मोठा फ्रिज आहे अशा घरात, बिल ७,१३६ रुपये ३२ पैसे होते आणि युनिट १४ रुपये २७ पैशांना पडते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत: १४.२४ आणि १४.२७. कमी वापरणाऱ्याला स्वस्त आणि जास्त वापरणाऱ्याला महाग, असा टप्प्यांच्या दरांचा उद्देश असतो आणि पन्नास ते शंभर युनिटांच्या घरांत तो बऱ्याच अंशी साधतो. वीस युनिटांच्या घरापर्यंत मात्र तो पोहोचत नाही. तिथे स्थिर आकार शुल्कापूर्वीच्या बिलाचा निम्म्याहून अधिक, ५२ टक्के, असतो; पाचशे युनिटांच्या घरात तोच दोन टक्के असतो. दोन दिवे लावणाऱ्या एकट्या वृद्धेला विजेचा सरासरी भाव वातानुकूलित घराइतका पडावा, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते.

तरीही दुसरी बाजू नीट समजून घ्यायला हवी. खांब, तारा, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), मीटर, रीडिंग घेणारा माणूस आणि वादळानंतर तार जोडायला येणारा वायरमन, हा खर्च आपण किती युनिट वापरतो यावर अवलंबून नसतो. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४५ मध्ये प्रत्यक्ष विजेच्या आकाराखेरीज स्थिर आकार घेण्याची तरतूद आहे, तेव्हा तो बेकायदा नाही. शिवाय वापर कमी म्हणजे ग्राहक गरीब, असेही समीकरण नाही. बंद ठेवलेल्या सदनिकेचा वापर शून्य असतो आणि एका खोलीत राहणाऱ्या सहा माणसांच्या कष्टकरी कुटुंबाचा नव्वद युनिट. स्थिर आकार सरसकट रद्द केला, तर त्याचा भार युनिटांवर येईल आणि तो त्या कुटुंबाच्या नव्वद युनिटांवरही येईल. पण त्याच कायद्याचे कलम ६२ एकूण वापराच्या आधारे ग्राहकांत फरक करण्याची मुभा नियामक आयोगाला देते. खूप कमी वापराच्या, लोक प्रत्यक्ष राहत असलेल्या घरांना स्थिर आकार कमी लावणे त्या चौकटीत बसते आणि तसे व्हावे असे माझे मत आहे.

बचतीचा हिशेब सरासरीवर करू नये

बहुतेकांची चूक येथे होते. युनिट १४.२४ रुपयांना पडते, म्हणजे एक युनिट वाचवले की १४ रुपये वाचतील, असे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यातले एक युनिट वाचवले, तर ४.७१ अधिक १.१७ आणि त्यावरचे शुल्क, म्हणजे ६ रुपये ८२ पैसे वाचतात. स्थिर आकार तसाच राहतो. आत्याने वापर निम्म्यावर, दहा युनिटांवर आणला, तर बिल २८४.९० वरून २१६.६९ होईल. वापर निम्मा झाला तरी बिलाच्या चारपैकी जवळपास तीन हिस्से तसेच राहिले. याउलट जे घर शंभरच्या पुढे आहे, त्याला दुसऱ्या टप्प्यातले प्रत्येक युनिट १३ रुपये २९ पैशांना पडते आणि तिथे काटकसरीला दुप्पट फळ मिळते.

यावरून कामाचा क्रम ठरतो. कमी वापराच्या घराने दिवे विझवण्याच्या आधी बिलाचा प्रकार, फेज, रीडिंग आणि मीटरांची संख्या तपासावी. पैसे तिथे अडकलेले असतात. वृद्ध माणसांना अंधारात वावरायला लावून काही हाती लागत नाही. पडवीतला नऊ वॅटचा दिवा रोज दहा तास जळला, तर महिन्याचे पावणेतीन युनिट, म्हणजे अठरा-एकोणीस रुपये होतात. अंधारात पाय घसरण्यापेक्षा ते केव्हाही परवडले.

बिलाच्या वरच्या भागात काय तपासावे

प्रथम दर संकेत पाहावा. घरगुती जोडणीपुढे निवासी सिंगल फेज असा उल्लेख असायला हवा. पूर्वी घरात किराणा दुकान किंवा पिठाची गिरणी होती आणि ती बंद होऊन वर्षे लोटली, तरी जोडणी वाणिज्यिकच राहिली आहे, असे गावोगाव आढळते. वाणिज्यिक जोडणीचा स्थिर आकार आणि युनिटाचा दर दोन्ही जास्त असतात. अशा वेळी वापराचा प्रकार बदलण्याचा अर्ज करावा, जागेची पाहणी मागावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.

नंतर फेज पाहावा. वडिलांच्या काळात विहिरीचा पंप घरच्या मीटरवर होता म्हणून थ्री फेज घेतलेली असते. पुढे पंप निघतो, माणसे शहरात जातात आणि थ्री फेज जोडणी तशीच राहते. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक आहे. शुल्क धरून दरमहा तीनशे रुपयांहून जास्त रक्कम केवळ या एका कारणाने जात असते. घरात थ्री फेजवर चालणारे यंत्र नसेल, तर सिंगल फेज करून घेण्याइतका फायद्याचा अर्ज दुसरा नाही. या एका बदलाने जेवढे वाचते, तेवढे वर्षभर पंखा बंद ठेवूनही वाचणार नाही.

तिसरी गोष्ट दारिद्र्यरेषेखालील घरगुती वर्गाची, ज्याला बिलावर बीपीएल म्हणतात. या वर्गाचा स्थिर आकार आणि युनिटाचा दर दोन्ही सर्वसाधारण घरगुती दरांपेक्षा बरेच कमी आहेत. केंद्राच्या २००५ च्या राष्ट्रीय वीज धोरणातही महिन्याला साधारण तीस युनिटांच्या आत वापर असलेल्या दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना असा आधार देण्याचे म्हटले आहे. महाराष्ट्रात या वर्गासाठी अगदी किरकोळ मंजूर भार (म्हणजे एका वेळी जितकी वीज घेण्याची मंजुरी आहे ती मर्यादा) आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६० युनिटांच्या आत वापर अशा अटी राहिल्या आहेत. येथे एक धोका लक्षात ठेवावा. वर्षात ३६० युनिट ओलांडले, तर जोडणी सर्वसाधारण घरगुती वर्गात जाते, आणि पुढे वापर कमी झाला तरी परत येता येत नाही, अशी अट दर आदेशांत घातलेली आहे. म्हणून या वर्गातल्या घराने जानेवारीत, आर्थिक वर्ष संपायला तीन महिने असताना, एप्रिलपासूनच्या युनिटांची बेरीज करावी. बेरीज ३१० झाली असेल, तर तीन महिन्यांत पन्नासच युनिट उरतात. घरात लग्नकार्य असेल, तर त्या दिवसांच्या रोषणाईसाठी मंडपवाल्याचा जनरेटर किंवा तात्पुरती जोडणी घ्यावी. दोन दिवसांच्या माळा घरच्या मीटरवर लावून कायमची सवलत घालवलेली घरे मला माहीत आहेत.

बंद घर आणि न घेतलेले रीडिंग

गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला, तर कुलूपबंद असणारी घरे कोकणात वाडीवाडीला आहेत. मीटर दाराच्या आत असेल, तर रीडिंग घेणाऱ्याला ते दिसत नाही आणि बिल मागच्या वापराच्या सरासरीवर येते. मे महिन्यात घर भरलेले असताना झालेला वापर त्या सरासरीत शिरला, तर कुलूप असलेल्या जून-जुलैतही युनिट आकारले जातात. पुढे खरे रीडिंग आल्यावर दुरुस्ती व्हायची असते, पण ती बरोबर झाली की नाही हे आपणच पाहायचे असते.

ते असे पाहावे. समजा, तीन महिने रीडिंग झाले नाही आणि चौथ्या बिलात चारही महिन्यांचे मिळून १६० युनिट एकदम आले. महिन्याला सरासरी चाळीसच युनिट झाले, तेव्हा सगळी युनिटे पहिल्याच टप्प्यात बसायला हवीत, कारण टप्पे महिन्याचे असतात आणि चार महिन्यांना पहिला टप्पा चारशे युनिटांचा होतो. ती एकाच महिन्याची धरली, तर साठ युनिट दुसऱ्या टप्प्यात जातात आणि शुल्कासह ३८८ रुपये जास्त आकारले जातात. मधल्या काळात सरासरीने भरलेल्या बिलांची वजावटही बिलात दिसली पाहिजे. आमच्या एका नातलगांच्या बिलात नेमकी हीच चूक झाली होती. दोन हेलपाटे आणि एक लेखी अर्ज, एवढ्यावर ती दुरुस्त झाली, कारण त्यांच्याकडे मीटरचे तारखेनिशी फोटो होते.

म्हणून दोन सवयी लावून घ्याव्यात. मीटर आत असेल, तर तो पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर, पाऊस लागणार नाही अशा जागी हलवण्यासाठी अर्ज करावा. आणि घर सोडताना व घरी पोहोचल्यावर मीटरचा फोटो काढावा. मीटरच्या पडद्यावर आकडे फिरत असतात. ज्या आकड्यापुढे केडब्ल्यूएच (kWh) दिसते, तेच युनिट. रीडिंग होऊ शकत नसेल, तर ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवण्याची सोय आहे, आणि शेजारच्या एखाद्या मुलालाही हे काम पाच मिनिटांत जमते.

निघताना मुख्य स्वीच बंद करून मीटरकडे मिनिटभर पाहावे. स्वीच बंद असूनही मीटरचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर मीटर आणि स्वीच यांच्या मधल्या तारेतून वीज कुठेतरी जात आहे. जुन्या मातीच्या भिंतींत ओल शिरून असे होते. महिन्याला दहा युनिटांची गळती शंभर युनिटांच्या घरात लक्षातही येत नाही. वीस युनिटांच्या घरात तो निम्मा वापर असतो, आणि जिवाचा धोका निराळा. अशा वेळी परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे.

बंद घराची जोडणी ठेवावी की काढावी, असे अनेक जण विचारतात. वर्षाला साधारण पावणेदोन हजार रुपये ही ठेवण्याची किंमत आहे. वर्षातून दोन-तीनदा घर उघडत असेल, तर जोडणी ठेवावी, असे मी सांगतो. पुन्हा नवी जोडणी घेताना कागदपत्रे, जोडणीचा खर्च आणि अनामत हे सारे नव्याने करावे लागते. घर वर्षानुवर्षे उघडणारच नसेल, तर मात्र रीतसर अर्ज देऊन, शेवटचे बिल भरून जोडणी कायमची बंद करावी आणि सुरक्षा ठेव परत मागावी. बिल भरणे नुसते सोडून देणे सर्वांत महाग पडते, कारण थकबाकीवर व्याज चढते आणि पुढे भावंडांत घराची वाटणी होताना ती रक्कम समोर उभी राहते.

एक मीटर की दोन

एकाच घरात दोन भाऊ वेगळ्या चुली मांडतात, तेव्हा हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर आकड्यातच आहे. दुसऱ्या मीटरमुळे आणखी १२८ रुपये स्थिर आकार लागतो. पण एका मीटरवर शंभरच्या पुढे गेलेले प्रत्येक युनिट दुसऱ्या मीटरच्या पहिल्या टप्प्यात गेले, तर १०.२९ वजा ४.७१, म्हणजे ५.५८ रुपये वाचतात. १२८ ला ५.५८ ने भागले की तेवीस येतात. दोन्ही घरांचा मिळून वापर १२३ युनिटांच्या आत असेल, तर एक मीटर स्वस्त. त्यापुढे दोन मीटर स्वस्त, अर्थात वापर दोन्हींत बऱ्यापैकी वाटलेला असेल तर. १६० युनिटांचे एकत्र बिल १,६२८ रुपये होते. ऐंशी-ऐंशीची दोन बिले मिळून १,३८८ रुपये. उलट दोन्ही बिऱ्हाडे मिळून चाळीसच युनिट वापरत असतील, तर दुसऱ्या मीटरपायी दरमहा १४८ रुपये वाया जातात, आणि मागची पिढी गेल्यावर एक मीटर बंद करणे शहाणपणाचे ठरते. दोन मीटर घ्यायचे, तर बिऱ्हाडे खरोखर वेगळी असावी लागतात. केवळ टप्पा वाचवण्यासाठी एकाच बिऱ्हाडाचे दोन मीटर करणे नियमात बसत नाही.

भाडेकरूंचे दुखणे याच्या उलट आहे. दहा खोल्यांना मिळून एकच मीटर असेल, तर सगळ्यांची युनिटे एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात आणि घरमालक त्याच भावाने वसुली करतो. महिन्याला तीस युनिट वापरणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या मीटरवर स्थिर आकार आणि शुल्क धरून ३५३ रुपये पडले असते, म्हणजे युनिटला पावणेबारा रुपये. घरमालक यापेक्षा जास्त घेत असेल आणि मुक्काम दोन-तीन वर्षांचा असेल, तर मालकाच्या संमतीने स्वतंत्र जोडणीचा विचार करावा. निदान मुख्य मीटरचे बिल दाखवा, एवढे मागायला तरी संकोचू नये.

सवलती, ठेव, उपकरणे

कागदी बिलाऐवजी ईमेलवर बिल घेण्याचा, गो-ग्रीन नावाचा पर्याय स्वीकारला की प्रत्येक बिलामागे दहा रुपये सूट मिळते. ही सूट टक्केवारीत नसून ठरावीक रकमेत असल्यामुळे कमी वापराच्या घराला तिचा खरा लाभ होतो: २८५ रुपयांत दहा रुपये म्हणजे साडेतीन टक्के. वृद्ध माणसांकडे ईमेल नसेल, तर मुलाचा किंवा भाच्याचा द्यावा. लवकर बिल भरल्यास मिळणारी एक टक्का सूट आत्यासारख्या ग्राहकाला अडीच रुपयांची असते; मिळाली तर घ्यावी, पण तिच्यासाठी रिक्षाने तालुक्याला जाऊ नये.

सुरक्षा ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी मागितली जाते आणि तिच्यावर दरवर्षी व्याज मिळते, ते बिलात वळते झालेले दिसायला हवे. माणसे घरातून कमी झाली आणि वापर उतरला, तर जुनी मोठी ठेव आपल्याच नावावर पडून असते. तिचा हिशेब मागावा.

उपकरणांत सतत चालू राहणारी वस्तू आधी शोधावी. आत्याच्या घरी ती टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स निघाली. टीव्ही रिमोटने बंद होई, पण बॉक्सचा बारीक दिवा रात्रंदिवस तेवत असे. हात लावला तर तो कोमट लागला. दहा वॅटचे यंत्र चोवीस तास चालले, तर महिन्याला ७.२ युनिट होतात. तिच्या वीस युनिटांतला एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा कोणी न पाहता जात होता.

छतावरच्या सौर पॅनेलबद्दलही सांगायला हवे, कारण विक्रेते कमी वापराच्या घरांनाही ते गळी उतरवतात. एक किलोवॅटचा संच महिन्याला शंभरावर युनिट तयार करतो. वीस युनिटांच्या घरात त्याने वाचतात ते युनिटांचे पैसे, म्हणजे दरमहा १३६ रुपये. स्थिर आकार द्यावाच लागतो. प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत एक किलोवॅटला तीस हजारांचे अनुदान आहे, पण ते वजा करूनही पंचवीस हजार रुपये पदरचे घालावे लागले, तर ते फिटायला पंधरा वर्षे लागतात. दीडशे-दोनशे युनिटांच्या घराला हा संच उत्तम आहे. वीस युनिटांच्या घराने आपले पैसे बँकेत ठेवावेत.

दरवाढीची बातमी वाचताना

बातमीत येणारी टक्केवारी सर्व ग्राहकांची सरासरी असते. २०२३-२४ मध्ये स्थिर आकार ११६ रुपये होता, तो पुढच्या वर्षी १२८ झाला. पहिल्या टप्प्याचा वीज आकार ४.४१ वरून ४.७१ झाला आणि वहन आकार तसाच राहिला. शंभर युनिटांच्या घराचे बिल त्यामुळे सव्वासहा टक्क्यांच्या आसपास वाढले, तर वीस युनिटांच्या घराचे जवळपास आठ टक्के. म्हणून स्थिर आकार किती वाढला, हे आधी पाहावे. दर कमी झाल्याची बातमी असेल, तर वीज आकार आणि वहन आकार यांची बेरीज करून मगच समाधान मानावे, कारण एक उतरून दुसरा चढू शकतो.

नवे दर ठरण्यापूर्वी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग प्रस्ताव जाहीर करून सूचना व हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. तिथे उद्योगांचे, यंत्रमागधारकांचे आणि शेतकऱ्यांचे म्हणणे संघटितपणे मांडले जाते; वीस युनिटांच्या ग्राहकाची संघटना नसते. अर्ज मराठीत, एका पानाचा, आपल्या बिलाची प्रत जोडून केला तरी चालतो. त्यात रागाचे शब्द नकोत. आपण युनिटामागे किती रुपये देतो, हा एक आकडा ठळक लिहावा आणि कमी वापराच्या, राहत्या घरांसाठी स्थिर आकाराचा वेगळा टप्पा मागावा.

बिलातच चूक असेल, तर १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा आणि उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. तिथे दाद मिळाली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे तक्रार करावी लागते. त्याच्याही वर मुंबई आणि नागपूर येथे विद्युत लोकपाल आहेत. जुनी थकबाकी अचानक काढली गेली, तर विद्युत अधिनियमाचे कलम ५६ आठवावे: पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षे उलटलेली आणि मधल्या बिलांत सातत्याने न दाखवलेली रक्कम वसूल करता येत नाही, आणि पुरवठा तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते.

आत्याच्या घरी आम्ही दोनच गोष्टी केल्या. सेट-टॉप बॉक्सला बटणाचा सॉकेट लावला आणि बिल माझ्या ईमेलवर घेतले. वापर साडेतेरा युनिटांच्या आसपास आला आणि बिल २८५ वरून २३० च्या घरात. त्यातले १४८ रुपये स्थिर आकाराचे आणि त्यावरच्या शुल्काचे आहेत, हे आता तिला पाठ झाले आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ती चष्मा लावून मीटरसमोर उभी राहते आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी रीडिंगचा आकडा लिहिते.